पहिली बारी : घाटावर जाण्याआधीचे सहा महिने

बैलगाडा शर्यतीवर मराठीत गेल्या पंधरा वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बरेचसे लेखन दोन बाजूंना वाटले गेले आहे. एका बाजूला परंपरा, शेतकऱ्याचा शौक, खिल्लार जातीचे जतन. दुसऱ्या बाजूला प्राण्याचा छळ. दोन्ही बाजूंचे लेखन मी जमेल तेवढे वाचले आहे. पण बैल पहिल्यांदा घाटावर उभा राहतो त्याच्या आधी त्याच्यावर काय काय केले जाते, कोण करते, किती दिवस करते, हे त्यात फारसे सापडत नाही. माझ्या मते वादाचा निम्मा निकाल त्या दिवसांतच दडलेला आहे. म्हणून हा लेख पहिल्या बारीविषयी, आणि त्याहून अधिक बारीआधीच्या तयारीविषयी आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला घरचे कारण आहे. शिरूर तालुक्यात माझ्या आजोळी हरण्या नावाचा एक खोंड होता. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. शेतात मोकळा सुटला की त्याच्यामागे कोणी धावू शकत नसे. मामांनी चैत्रातल्या एका जत्रेत त्याला घाटावर नेले. दोन घरचे आणि दोन शेजाऱ्यांचे असे चार बैल जुळवले होते. कर्ण्यावर पुकारा सुरू होता, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. गाडा सुटला, आणि पन्नास पावलांवर मंडपाच्या कापडाची सावली जमिनीवर हलत होती तिथे हरण्याने एकदम अंग काढून घेतले. गाडा कलंडला. हरण्याचा पुढचा पाय दुखावला तो कायमचा. मामांनी त्याला विकला नाही, मरेपर्यंत गोठ्यात सांभाळला, पण पुन्हा कधी गाडा जुंपला नाही. लोक म्हणाले, बैल पळायला कमी पडला. मामा म्हणाले, "बैल कमी नव्हता. मी त्याला घाट दाखवलाच नव्हता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पुढे शिरूर, खेड, आंबेगाव आणि पारनेर या भागांत गाडामालक, पशुवैद्य, पुकारा करणारे, घड्याळ धरणारे अशा लोकांशी बोलत गेलो. वह्या भरत गेल्या. त्यातला काही भाग इथे मांडतो.

घाट आणि मैदान

पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या दोन रीती आहेत, आणि भीमा नदी त्यांच्यामधून वाहते असे ढोबळमानाने म्हणता येईल. नदीच्या उत्तरेला जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि पश्चिमेला मावळ इथे 'घाट' असतो. घाट म्हणजे चढणीची, सरळ, दोन्ही बाजूंनी बांधलेली धाव. एका वेळी एकच गाडा पळतो. धुरेला एक जोडी, तिच्यापुढे दुसरी जोडी, आणि सर्वांच्या पुढे स्वारासह घोडी. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. खाली माणसे गाडा धरून उभी असतात. ती बाजूला झाली की बैल आपल्या बुद्धीने वर जातात. निशाण पडते, घड्याळ चालू होते, आणि किती सेकंदांत गाडा वर गेला त्यावरून नंबर ठरतो. अशा एका धावेला बारी म्हणतात. ठरलेल्या सेकंदांत बसणारे सगळे गाडे पहिल्या नंबरात धरून इनाम विभागून देण्याची पद्धत आहे. दिवसभरातला सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा.

भीमा ओलांडून दौंड-बारामतीकडे सरकू लागले की सातारा-सांगलीकडच्या रीतीचे मैदान भेटते. जमीन सपाट, गाडा म्हणजे हलकी छकडी, दोनच बैल, वर हाकणारा गडी, आणि एका वेळी अनेक गाड्या आपापल्या चाकोरीतून सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. तिथे शेजारच्या गाडीला हरवायचे असते. घाटावर बैल एकटा असतो आणि समोर फक्त घड्याळ असते. एकाच जिल्ह्यात, एकाच खिल्लार जातीकडून, दोन वेगळी कामे मागितली जातात. दौंडच्या उसाच्या पट्ट्यात तर तिसरेही काम आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर वजनाने वाकलेल्या गाड्या ओढणारे बैल तिथे दिसतात. त्या बैलाला दिवसभर पुरणारा दम लागतो. घाटाच्या बैलाला अकरा ते पंधरा सेकंदांत सगळे द्यावे लागते.

मोटारींच्या जगात घाटाला अगदी जवळची एक चुलत शर्यत आहे. अमेरिकेत तिला ड्रॅग रेस म्हणतात. सरळ धावपट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर, वळण नाही. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी तिची राष्ट्रीय संघटना उभी केली. त्याआधी ही शर्यत रस्त्यांवर बेकायदा चाले आणि माणसे मरत. संघटनेने धावपट्टी आखली, गाडीची तपासणी सक्तीची केली, वेळ मोजण्याची यंत्रे बसवली. २००८ साली एका चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर ४०२ मीटरवरून १००० फुटांवर आणले गेले, कारण थांबायला जागा कमी पडत होती. पहिल्यांदा धावपट्टीवर जाणाऱ्याला तिथे जे सांगितले जाते ते आपल्या गाडामालकाला परके वाटणार नाही : आदल्या दिवशी सगळे तपासा, लवकर पोहोचा, पहिल्या फेरीत वेळेचा विचार करू नका, आणि धाव संपल्यावर थांबायचे कसे ते सुरू होण्याआधी ठरवा. फरक एवढाच की मोटारीला भीती वाटत नाही.

बैलाला काय दिसते

भीतीचा मुद्दा नीट समजायला बैलाचा डोळा समजला पाहिजे. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे बैलाला मान न हलवता भोवतालचा तीनशे अंशांहून अधिक भाग दिसतो. नेमके पाठीमागे तेवढे दिसत नाही. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारी समोरची पट्टी अरुंद असते, आणि खोली किंवा अंतर त्या पट्टीतच नीट कळते. जमिनीवर पडलेली काळी सावली ही सावली आहे की खड्डा, हे त्याला मान खाली घालून, थांबून पाहावे लागते. पळताना थांबता येत नाही. हरण्याच्या बाबतीत जे झाले ते यातून उलगडते.

अमेरिकेतील पशुवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या वाड्यांमध्ये अनेक वर्षे हेच पाहिले. जनावर अडते ते बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी : फडफडणारे कापड, जमिनीवरचा उजेड-सावलीचा पट्टा, लोंबणारी साखळी, अचानक वाजणारा किरटा आवाज. माणसापेक्षा गुरांना वरच्या पट्टीतले आवाज अधिक ऐकू येतात. घाबरलेले गुरू पुरते शांत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, असेही त्यांनी नोंदवले आहे. आता आपला जत्रेचा घाट डोळ्यांपुढे आणा. फडफडणारे फेटे, उधळलेला भंडारा, शिट्ट्या, कर्णे, हलगी. जनावराला बुजवण्यासाठी लागणारी एकही वस्तू तिथे कमी नसते. लाल रंग पाहून बैल खवळतो हा समज मात्र खोटा आहे. लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसतच नाही. त्याला बुजवते ती हालचाल.

माझ्या वहीतल्या एका जुन्या गाडामालकाने हे सगळे पुस्तकाविना सांगितले होते : "पळणं त्याच्या अंगात असतं. आपण फक्त बुजणं काढायचं."

सहा महिने

आमच्या भागात बैलपोळा भादव्यात असतो. पाऊस ओसरतो, पोळ्याला बैल सजतात, आणि दिवाळी झाली की नव्या खोंडाची तयारी धरतात. माघ ते वैशाख जत्रांचा हंगाम. म्हणजे हातात साधारण सहा महिने मिळतात.

पहिली गोष्ट दात. दुधाचे दात असलेला तो आदत. दोन पक्के दात आले की दुस्सा, मग चौसा, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांला येते, आणि जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. हाडे आणि सांधे भरण्याचा काळही जवळजवळ हाच. आदत खोंड वेगात असतो म्हणून त्याला घाई करून जुंपणारे आहेत. जाणते मालक त्याला मोकळे पळवतात, पण गाड्याचा ताण दात येईपर्यंत देत नाहीत.

दुसरी गोष्ट हात. खोंडाला माणसाच्या हाताची सवय लावणे. अंगावरून हात फिरवणे, पाय उचलून बघणे, कासरा धरून रस्त्याने चालवणे. हे रोज, एकाच माणसाने. पहिले पंधरा दिवस एवढेच. मग ओझ्याशिवाय जू मानेवर ठेवायचे. जू खांद्याला घासते का ते पाहायचे. खांदा सुजला की आठ दिवस सुट्टी, मग हंगाम हुकला तरी हरकत नाही.

तिसरी गोष्ट जोडीदार. नव्या खोंडाला नव्याशी जुंपणे म्हणजे दोन भित्र्यांची गाठ मारणे. त्याला मुरलेल्या, चार-पाच हंगाम पाहिलेल्या बैलाशेजारी जुंपतात. गुरे कळपाची असतात. शेजारचा शांत असला तर हाही शांत राहतो. घोडीचे काम याच नियमावर चालते. पुढे पळणाऱ्याच्या मागे पळणे हे कळपातल्या जनावराला शिकवावे लागत नाही. पण घोडीची ओळख आधी करून द्यावी लागते. एकाच झाडाखाली बांधणे, एकत्र चालवणे, मग हळू दुडक्या चालीने तिच्यामागे सोडणे. ओळखीशिवाय घोडी आणली तर तिलाच तो बुजतो.

चौथी गोष्ट पोट. खुराकाबाबत गाडामालकांमध्ये चढाओढ असते. शेंगदाण्याची पेंड, सरकी, उडीद, हरभऱ्याचा आणि मक्याचा भरडा, दूध, अंडी. पशुवैद्यांचे म्हणणे वेगळे पडते. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. मोठ्या जनावराच्या पहिल्या पोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो, आणि तो ऐवज आंबवणारे सूक्ष्मजीव त्याला जगवतात. धान्य एकाएकी वाढवले की पोटात आम्ल वाढते, जनावर चारा सोडते, खुरात दाह होतो आणि ते लंगडते. म्हणून खुराक वाढवायचा तो दोन-तीन आठवड्यांत, मूठमुठीने, आणि कडब्याला सुट्टी द्यायची नाही. बारीच्या दिवशी सकाळी भरपेट वैरण नको, पण उपाशी आणि तहानलेलाही नको.

पाचवी गोष्ट श्वास. हा भाग मला एका तरुण पशुवैद्याने शिकवला. विसावलेल्या मोठ्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण वीस-तीस वेळा चालतो. कुशीकडे पाहून तो मोजता येतो. सरावाची धाव झाली की मोजायचा, मग दहा मिनिटांनी, मग वीस मिनिटांनी. वीस मिनिटांत श्वास जागेवर येत नसेल तर बैल अजून तयार नाही किंवा ऊन फार आहे. याला यंत्र लागत नाही. मनगटावरचे घड्याळ पुरते. घाटावर सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडणारे किती मालक हे घड्याळ गोठ्यात वापरतात, हे मी विचारत आलो आहे. उत्तरे उत्साह वाढवणारी नाहीत.

शेवटची गोष्ट, जी मामांनी केली नव्हती : घाट दाखवणे. जत्रा नसताना रिकाम्या घाटावर बैलाला नेऊन नुसते चालवायचे. खालून वर, आणि वर गेल्यावर जिथे थांबायचे तिथे थांबवून वैरण द्यायची. असे दहा-बारा वेळा. मग दुसऱ्याच्या जत्रेला न्यायचे, पण जुंपायचे नाही. लांब झाडाखाली बांधून कर्णे, हलगी, गर्दी त्याच्या कानावर आणि डोळ्यांवरून जाऊ द्यायची. पहिल्या खेपेला तो दावे ताणतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रवंथ करू लागतो. घाबरलेले जनावर रवंथ करत नाही. जत्रेच्या कल्लोळात खोंड बसून रवंथ करू लागला की तो तयार, ही कसोटी मला तिघांनी वेगवेगळ्या गावांत सांगितली.

बारीचा दिवस

बैल आता पिकअप गाडीतून येतात. गाडीत पायाखाली वाळू किंवा पाचट हवे, नाहीतर खुरे घसरतात. उतरवल्यावर लगेच जुंपणे ही मोठी चूक. प्रवासाचा धक्का ओसरायला निदान अर्धा तास, शक्यतो जास्त द्यावा लागतो. टोकन उशिराचे निघाले तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात तासन् तास वाट पाहणे आले. तेव्हा सावली, पाणी आणि अंगावर ओले फडके यांची सोय घरूनच आणलेली बरी.

बारी सुरू होते तेव्हा मालकाचे लक्ष घड्याळाकडे असते. ते घड्याळ नीट समजून घेण्यासारखे आहे. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये माणूस निशाण पाहतो आणि मग बटण दाबतो. यात सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, आणि तो प्रत्येक वेळी सारखा जात नाही. गाडा सेकंदाला दहा मीटर पळतो असे धरले, तर तेवढ्यात तो दोन मीटर पुढे गेलेला असतो. तरी हातघड्याळाच्या शंभराव्या भागावर नंबर दिले-घेतले गेले आणि त्यावरून गावे भांडली. आता अनेक घाटांवर सेन्सरची घड्याळे आली, त्याने भांडणे कमी झाली. पण घाटांची लांबी आणि चढ गावोगावी वेगळा असल्याने एका घाटावरचे बारा सेकंद दुसऱ्या घाटावरच्या बाराशी ताडून पाहता येत नाहीत. पहिल्या बारीला तर वेळ पाहूच नये. बैल सरळ गेला का, आणि वर जाऊन थांबला का, एवढेच पाहावे.

कारण मला सांगितल्या गेलेल्या दुखापतींपैकी बऱ्याच वरच्या टोकाला झालेल्या आहेत. चार बैल आणि एक घोडी वेगात येतात, आणि समोर गर्दी असते. माणसे बैलांना अडवायला आडवी पळतात. बैल बिचकतो, वळतो, गाडा उलटतो. निशाणापुढे लांब मोकळी जागा, तिथे मऊ माती, आणि बैलांच्या ओळखीची दोन-तीन माणसे एवढे असेल तर धोका पुष्कळ कमी होतो.

कायद्याची वर्षे

केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून खेळासाठी प्रशिक्षित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत वळूचा समावेश केला. वळूत बैल धरायचा का, हा वाद न्यायालयात गेला आणि धरायचा असे ठरले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतींवरही बंदी घातली. त्या निकालात शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे अशा प्रकारांची नोंद आहे, आणि बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही असेही म्हटले आहे. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्याच वेळी नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. नियम असे : जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, १००० मीटरपेक्षा जास्त धाव नाही, पशुवैद्याची तपासणी, काठी-चाबूक-विजेचा धक्का यांना बंदी.

२०१४ च्या निकालातले प्रकार आमच्याकडे होत नव्हते, असे मी म्हणणार नाही. मी ते पाहिले आहेत. पण कोणी केले हेही पाहिले आहे. टोचणी आणि काठी बहुतेक वेळा त्या गाड्यापाशी दिसली, ज्याचा बैल आदल्या आठवड्यात विकत आणलेला होता. सहा महिने ज्याने दिले, त्याला काठी लागत नाही. ज्याने दिले नाहीत, त्याच्याकडे दुसरे साधन नसते.

बंदीचा एक परिणाम मात्र कोणत्याच बाजूने मोजला नाही. सात-आठ वर्षे घाट थांबले, तेव्हा मुरलेले बैल म्हातारे झाले, आणि मुरलेली माणसेही. नवा खोंड ज्याच्या शेजारी जुंपायचा तो जाणता बैल उरला नाही, आणि खोंडाला घाट दाखवणारे हात कमी झाले. २०२२ नंतर इनामात मोटारी आणि ट्रॅक्टर आले, बैलांच्या किमती चढल्या, पण शिकवण्याची साखळी मध्येच तुटलेली होती. आज घाटावर पुष्कळ पोरे अशी आहेत की ज्यांनी बैल विकत घेतला आहे, घडवलेला नाही. नियमांत पशुवैद्याचा दाखला आहे. तो ताप, जखम, लंगडणे पाहतो. बैल त्या गर्दीला तयार आहे का, हे त्या दाखल्यात येत नाही. येण्यासारखे मात्र आहे. पहिल्यांदा पळणाऱ्या बैलाला तासभर आधी आणून घाटाजवळ बांधावे, तो दावे ताणतो की रवंथ करतो हे दाखल्यावर लिहावे, आणि ताणत असेल तर त्या दिवशी जुंपू देऊ नये. याला खर्च नाही. फक्त मालकाचे टोकन वाया जाईल.

गेल्या चैत्रात शिरूरच्या पश्चिमेकडच्या एका घाटावर मी असा एक मालक पाहिला. तिशीतला मुलगा, पहिलाच खोंड, टोकन हातात. खोंड मान वर करून, कान ताठ करून कर्ण्याकडे पाहत होता. मुलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि पुकारा करणाऱ्याकडे जाऊन आपले नाव काढून घेतले. मित्र हसले. त्याने खोंडाला पाणी दाखवले आणि लांब बाभळीखाली नेऊन बांधला. दुपारी चारच्या सुमारास मी तिकडून गेलो, तेव्हा खोंड बसला होता. रवंथ करत होता.

मी त्या मुलाला हरण्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पुढच्या जत्रेला पण नुसता बांधतो मग."